बर्डीवरची कॅसेट, दीक्षाभूमीवरची कॅसेट

नोव्हेंबर १९९२ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'रेज अगेन्स्ट द मशीन' या बँडचा पहिला अल्बम आला. त्याच्या मुखपृष्ठावर एक बौद्ध भिक्खू ज्वाळांमध्ये मांडी घालून ताठ बसलेला दिसतो. थिक क्वांग डुक हे त्यांचं नाव. दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष दिएम यांच्या राजवटीनं बौद्धांवर चालवलेल्या दडपशाहीच्या निषेधार्थ ११ जून १९६३ रोजी सायगावच्या भर चौकात त्यांनी आत्मदहन केलं. असोसिएटेड प्रेसचे माल्कम ब्राउन तिथे कॅमेरा घेऊन उभे होते. ते छायाचित्र जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं आणि जवळपास तीस वर्षांनी चार तरुण वादकांनी ते आपल्या पहिल्या अल्बमवर घेतलं.

हे मुखपृष्ठ पाहताक्षणी ज्या शहराला कळायला हवं होतं ते नागपूर. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह इथेच, आजच्या दीक्षाभूमीवर, धम्मदीक्षा घेतली. इंदोऱ्यात, पाचपावलीत चीवर घातलेला भिक्खू रस्त्यानं जाताना दिसला तर कुणी वळून बघत नाही, इतका तो रोजचा. पण हा अल्बम नागपुरात बहुतेकांच्या हाती पडला तो 'भरून घेतलेली' कॅसेट म्हणून. मूळ कॅसेट कुणा एकाकडे असायची, ती बहुधा मुंबईहून किंवा परदेशातल्या नातेवाइकाकडून आलेली. बाकीच्यांनी ब्लँक कॅसेट नेऊन द्यायची आणि भरली की उचलायची. भरून घेतलेल्या कॅसेटला मुखपृष्ठ नसतं. आतल्या रेघांच्या कागदावर बॉलपेननं गाण्यांची नावं, तीही अर्धी चुकलेली. त्यामुळे धरमपेठ-रामदासपेठेत ज्या मुलांनी या अल्बमची पारायणं केली, त्यांनी तो भिक्खू पाहिलाच नाही. आणि ज्या घरांत त्या चित्राचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नसता, त्या घरांत हा अल्बम पोचला नाही. अपवाद होते, त्यांतले काही या पुस्तकात लिहीतही आहेत. पण शहराचा नियम हाच होता.

या संग्रहाचं प्रयोजन मला त्या नियमात दिसतं. नव्वदच्या दशकात नागपुरात वाढलेल्या ऐकणाऱ्यांनी त्या काळातल्या आपापल्या जिवाच्या अल्बमांकडे परत जाऊन हे लेख लिहिले आहेत. सिनेमाच्या गाण्यांपलीकडचं, रेडिओवर क्वचित लागणारं, शोधून मिळवावं लागणारं संगीत एवढी एकच अट संपादकांनी घातली होती. त्या अटीतून दोन वेगवेगळी दालनं उघडली. एकात सिएटल, ब्रिस्टल, ऑक्सफर्ड, दिल्ली आणि मुंबईचे बँड आहेत. दुसऱ्यात भीमगीतं, कव्वालीच्या पार्ट्या आणि शाहीर आहेत. दोन्ही दालनांतले लेख मुद्दाम एकाआड एक लावले आहेत, आणि तसेच वाचावेत असा माझा आग्रह आहे. बर्डीहून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, दीक्षाभूमी जेमतेम तीन किलोमीटर. नव्वदीत हे अंतर कुणाच्याही कॅसेटींच्या खणात सहसा ओलांडलं गेलं नाही.

बर्डीच्या बाजूनं आधी बोलतो, कारण ती गोष्ट थोडी अधिक परिचयाची आहे. १९९१ नंतर डिशवरून एमटीव्ही दिसू लागला, १९९४ मध्ये चॅनल व्ही आला. केबलवाल्याच्या कृपेनं जे दिसायचं त्यातलं नाव कागदावर टिपून ठेवायचं आणि मग सीताबर्डीत किंवा सदरमध्ये जाऊन विचारायचं. सदरला चर्च, कॉन्व्हेंट शाळा, जुनी ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन घरं. तिथे इंग्रजी गाण्यांची आवड आधीपासूनची. बर्डीवर मोदी नंबर दोन-तीनच्या गल्ल्यांत डेक, टू-इन-वन, स्पीकर. हिंदी कॅसेट पंचवीस-तीस रुपयांना मिळायची तेव्हा इंग्रजी कॅसेट शंभराच्या घरात. म्हणून विकत घेतलेली एक आणि भरून घेतलेल्या दहा. एका कॅसेटभोवती एक अख्खी गल्ली किंवा वर्ग जमायचा. 'निर्वाणा'चा 'नेव्हरमाइंड' सप्टेंबर १९९१ मध्ये आला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्यानं मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला अमेरिकेच्या यादीतल्या पहिल्या जागेवरून खाली आणलं. ही बातमी इथे किती उशिरा पोचली याला महत्त्व नाही. ज्यांनी तो ऐकला त्यांना एवढं कळलं की गाताना गळा सुरेख असायलाच हवा असं नाही, आतलं खरं असेल तर तो फाटलेला चालतो. नागपूरसारख्या नाट्यगीतांच्या आणि शास्त्रीय मैफलींच्या शहरात वाढलेल्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट होती.

पण हीच गोष्ट तीन किलोमीटरवर दीक्षाभूमीवर त्याआधी कितीतरी वर्षं लोकांना ठाऊक होती.

दीक्षाभूमीवरचा कॅसेटचा बाजार समजून घेतल्याशिवाय नव्वदीचं नागपूर समजत नाही, असं माझं मत आहे. अशोक विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरला लाखो माणसं इथे येतात. यवतमाळ, चंद्रपूर, भंडारा, अमरावती, मराठवाडा, पलीकडे छत्तीसगडातून. रेल्वेनं अजनीला किंवा मुख्य स्टेशनवर उतरायचं आणि चालत यायचं. रहाटे कॉलनीच्या चौकापासून दुकानं सुरू. सगळ्यांत जास्त पुस्तकांची. त्यांच्यामधे कॅसेटींची. आज उभा असलेला भव्य स्तूप नव्वदीत अजून बांधला जात होता. त्याचं काम १९७८ मध्ये सुरू झालं आणि उद्घाटन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते डिसेंबर २००१ मध्ये झालं. म्हणजे या पुस्तकातल्या भीमगीतांच्या कॅसेटी बांधकामाच्या सावलीत विकल्या गेल्या आहेत. प्रत्येक दुकानाचा वेगळा स्पीकर, प्रत्येकावर वेगळं गाणं. आवाजांच्या त्या गर्दीतून आपल्याला हवी ती कॅसेट कानानं ओळखून लोक त्या दुकानापाशी जायचे. तिथून निघालेली कॅसेट गडचिरोलीच्या किंवा हिंगोलीच्या एखाद्या खेड्यात वर्षभर वाजायची. वितरणाचं याहून मोठं जाळं त्या काळात कुठल्याही मराठी संगीत कंपनीजवळ असेल असं मला वाटत नाही.

हा बाजार शक्य झाला तो कॅसेटमुळे. त्याआधी रेकॉर्ड काढायची तर ग्रामोफोन कंपनीच्या दारात जावं लागे. कुणाचं गाणं छापायचं हे ती ठरवी. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, टी-सीरीजसारख्या कंपन्या आल्या, त्यांच्या मागे गावोगावचे छोटे बॅनर उभे राहिले. पीटर मॅन्युएल या अमेरिकी संगीत-अभ्यासकाचं 'कॅसेट कल्चर' हे पुस्तक १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. उत्तर भारतात कॅसेटनं संगीतावरची मोजक्या कंपन्यांची पकड कशी सैल केली, हा त्याचा विषय. विदर्भावर कुणी असं पुस्तक लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. लिहायला हवं, आणि ज्यांनी हे सारं पाहिलं ती माणसं आहेत तोवर लिहायला हवं.

नव्वदीत भीमगीतांना जो बहर आला त्याची कारणंही त्या वर्षांतच आहेत. १९९० मध्ये बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं. १९९१ त्यांचं जन्मशताब्दी वर्ष. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा सोळा वर्षं धगधगत होता. १९७९ चा लाँग मार्च याच दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघाला होता. नोव्हेंबर १९९३ मध्ये नामांतरासाठी गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये आत्मदहन केलं आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ज्या वर्षी इंग्रजी ऐकणारी मुलं मुखपृष्ठ नसलेली ती कॅसेट भरून घेत होती, त्याच वर्षी मराठवाड्यात हे घडत होतं आणि त्यावरची गाणी दीक्षाभूमीवर वाजत होती. ही दोन टोकं कुणी एकमेकांना दाखवली नाहीत.

भीमगीतांची कॅसेट हा खराखुरा अल्बम असतो, हे मी ठासून सांगेन. सुट्या गाण्यांची ती पिशवी नसते. पहिल्या बाजूला वंदना, मग बाबासाहेबांच्या आयुष्यातला एखादा प्रसंग, मग रमाई. रमाईचं गाणं आलं की अख्खं घर गप्प होतं. दुसऱ्या बाजूला महाड, काळाराम, दीक्षा, आणि शेवटी श्रोत्यांनाच उद्देशून जाब विचारणारं गाणं: एवढं मिळालं, त्याचं तुम्ही काय केलंत? हा क्रम प्रत्येक कॅसेटीत असाच असतो असं नाही, पण क्रमाचं भान बहुतेकींत असतं. गाणी फटाफट उड्या मारत ऐकणाऱ्याला ते भान कळणार नाही. वामनदादा कर्डकांचं नाव इथे पहिलं घ्यायला हवं. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातलं देशवंडी त्यांचं गाव, जन्म १९२२ चा. त्यांनी हजारो गाणी लिहिली आणि खेडोपाडी पायपीट करून गायली. या बाजारातल्या कितीतरी कॅसेटींमध्ये शब्द त्यांचे आणि गळा दुसऱ्याचा. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाची ताकद निराळी. हा माणूस विठ्ठलाची गाणी गायचा तेव्हा पंढरीच्या वाटेवर प्रत्येक स्पीकरमधून ऐकू यायचा, आणि तोच गळा दीक्षाभूमीवर भीमगीतांत. कॅसेटींची दुकानं विभागलेली होती. आवाजाला ती विभागणी लागू नव्हती. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे, दोघंही २००४ मध्ये गेले.

विदर्भाची म्हणून एक खास गोष्ट आहे ती कव्वालीची. ताजबागेत ताजुद्दीनबाबांच्या उरुसाला कव्वाली जुनीच. भीमगीतांनी तोच घाट उचलला. हार्मोनियम, ढोलक, बेंजो, टाळ्या, मागे कोरस. दोन पार्ट्या समोरासमोर आणि रात्रभर सवाल-जवाब. पोस्टरवर 'दुय्यम कव्वाली' असं लिहिलेलं असायचं. नागोराव पाटणकरांसारख्या विदर्भातल्या कव्वालांनी हा प्रकार लोकांच्या हाडीमाशी रुजवला. या कव्वालीत इतिहास आहे, राजकारण आहे, समोरच्या पार्टीला अडवणारा तर्क आहे. आणि तो तर्क सुरात सांगायचा असतो, तेही ऐकणाऱ्याला पहाटेपर्यंत जागं ठेवून. १९९६ मध्ये नुसरत फतेह अली खान यांचा मायकेल ब्रूकसोबतचा 'नाइट साँग' आला, त्याच वर्षी त्यांचा आवाज 'पर्ल जॅम'च्या एडी व्हेडरबरोबर 'डेड मॅन वॉकिंग' या चित्रपटाच्या अल्बमवर ऐकू आला, आणि धरमपेठेतली मुलं कव्वालीवर लुब्ध झाली. त्यांनी लुब्ध व्हावं यात गैर काहीच नाही, मीही तेव्हा तेच ऐकत होतो. पण कव्वाली आपल्याच शहरात मंडपाखाली रात्रभर चालते, आणि तिथे जायला तिकीट लागत नाही, हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत होतं.

वादनाबद्दल एक स्पष्ट मत. भीमगीतांच्या पुष्कळ कॅसेटींत सिनेमाच्या चाली उचलल्या आहेत, आणि स्वस्त कीबोर्ड व ऑक्टोपॅडचा मारा आहे. आज ऐकताना त्यांतल्या काही मला सहन होत नाहीत. चाल उचलण्याचं कारण मात्र समजून घ्यायला हवं: चाल आधीच प्रत्येकाच्या ओठावर असते, म्हणून नवे शब्द एका रात्रीत गावभर होतात. ज्यांना शब्द पोचवायची घाई होती त्यांनी तो रस्ता घेतला. जिथे गायकानं आपली चाल, आपला ढोलक आणि आपला दम वापरला आहे, त्या कॅसेटी तीस वर्षांनीही तशाच उभ्या आहेत. इंग्रजीच्या बाजूलाही हेच. नव्वदीच्या शेवटी गिटारचा नुसता गोंगाट करणारे कितीतरी अल्बम आम्ही डोक्यावर घेतले होते, आज त्यांची पहिली बाजूही पुरी होत नाही. 'रेडिओहेड'चा 'ओके कम्प्युटर' मात्र अजून पुरा होतो, आणि 'पोर्टिसहेड'चा 'डमी' तर वयाबरोबर अधिक खोल गेला आहे.

१९९७ या वर्षावर या संग्रहात बरंच लिहिलं गेलं आहे, आणि ते साहजिक आहे. त्या वर्षीच्या १ जानेवारीला दिल्लीत सफदर हाश्मींच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात 'इंडियन ओशन'नं जे वाजवलं, त्याचं थेट ध्वनिमुद्रण 'डेझर्ट रेन' म्हणून बाहेर आलं. जूनमध्ये 'ओके कम्प्युटर' आला. ११ जुलैला मुंबईच्या घाटकोपरमधल्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपलं आयुष्य संपवलं. ऑगस्टमध्ये आधी टी-सीरीजच्या गुलशनकुमारांचा खून झाला, मग काही दिवसांतच नुसरत गेले. ही यादी एका दमात वाचली की छाती भरून येते. माहितीपटकार आनंद पटवर्धनांनी विलास घोगऱ्यांना १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये चित्रित केलं होतं. घोगऱ्यांच्या मृत्यूनंतर पटवर्धन चौदा वर्षं चित्रीकरण करत राहिले आणि 'जय भीम कॉम्रेड' तयार झाला. त्या चित्रपटानं भीमगीतं आणि शाहिरी ज्यांना ऐकू येत नव्हती अशा अनेकांचे कान उघडले. माझ्या ओळखीतले कितीतरी जण त्यानंतर पहिल्यांदा दीक्षाभूमीवर कॅसेटी शोधत गेले; तोवर तिथे सीडी आणि पेनड्राइव्ह आले होते.

'इंडियन ओशन'बद्दल दोन शब्द अधिक, कारण त्या बँडनं दोन्ही दालनांच्या मधली भिंत मुळात मानलीच नाही. राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात काम करून आलेला. आंदोलनात गायली जाणारी नर्मदेची गाणी, आदिवासी बोलींतले शब्द, असीम चक्रवर्तींचा तबला आणि सुस्मित सेनची गिटार. नर्मदेचा तो लढा आपल्या धडगाव-अक्कलकुव्याचाही होता. तरी नागपुरात त्यांच्याकडे लोक वळले ते २००० साली 'कंदिसा' आल्यावर. माझ्या मते 'डेझर्ट रेन' वरचा आहे. त्यात समोरचे श्रोते ऐकू येतात, आणि वादक त्यांच्याकडे बघून थांबतात, पुढे जातात, हे कळतं.

मुंबईच्या 'इंडस क्रीड'चं तसं नाही. 'रॉक मशीन' हे जुनं नाव टाकून १९९३ मध्ये ते नव्या नावानं उभे राहिले, १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम काढला, आणि १९९७ मध्ये विखुरले. उदय बेनेगल, महेश तिनईकर ही नावं अल्बमवर वाचून आम्हाला जे वाटलं ते आज सांगितलं तर भाबडं वाटेल: आपल्या शेजारच्या दारावर असावीत अशी आडनावं, आणि तीही असं वाजवू शकतात. एवढ्या एका कारणानं नागपुरातल्या काहींनी उसनवारी करून गिटार घेतली.

मराठीतही त्या दशकात वेगळं काही घडत होतं. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' १९९८ चा. त्यानं सिनेमाच्या बाहेरही मराठी तरुण गाणं चालतं हे दाखवलं. विदर्भाला मात्र त्याआधीपासून गझलेचं वेड. सुरेश भट नागपुरातच राहत होते. त्यांच्या गझला भीमराव पांचाळे यांच्या गळ्यातून घरोघर पोचत होत्या. भटांनी भीमवंदनाही लिहिली, आणि ती आज दीक्षाभूमीवर इतकी रुळली आहे की कवीचं नाव न जाणणारेही ती म्हणतात. दोन्ही दालनांत सहज वावरलेला कवी म्हणून मला भट या पुस्तकाच्या फार जवळचे वाटतात.

आणि एक गमतीची, पण मनापासून आनंद देणारी गोष्ट. 'कॉर्नरशॉप' या इंग्लंडमधल्या बँडनं १९९७ मध्ये आशा भोसले यांच्यावर गाणं केलं. फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याचा रीमिक्स ब्रिटनच्या यादीत पहिला आला. आई-आजीचा म्हणून ज्या आवाजापासून मुलं पळत होती, तो आवाज इंग्लंडला वळसा घालून त्यांच्याच खोलीत परत आला. सांगलीत जन्मलेली ही बाई आपल्यापेक्षा कितीतरी आधुनिक आहे, हे त्या मुलांना तेव्हा कळलं.

आता ज्यासाठी ही प्रस्तावना मी लिहायला घेतली तो मुद्दा. जुने अल्बम परत ऐकणं हे काम दोन दालनांत सारखं नाही. 'नेव्हरमाइंड'ला वीस वर्षं झाली तेव्हा, २०११ मध्ये, त्याची मोठी पेटी निघाली: मूळ ध्वनिमुद्रणं, कच्चे खर्डे, मैफली, सगळं. कुठलं गाणं कुठल्या स्टुडिओत झालं, निर्माता बुच व्हिगनं काय सुचवलं, हे आज शाळकरी पोरगंही सांगेल. त्या अल्बमकडे परत जाणाऱ्याला फक्त ऐकायचं असतं. भीमगीतांच्या कॅसेटीचं तसं नाही. इनलेवर, म्हणजे डब्यातल्या छापील कागदावर, गायकाचं नाव मोठं, कवीचं बारीक, संगीतकाराचं असलं तर असलं. ढोलक कुणी वाजवला, कोरसमध्ये कोण बाया होत्या, ध्वनिमुद्रण कोणत्या वर्षी झालं, यातलं काही नाही. सुषमादेवी, वैशाली शिंदे अशा गायिकांची नावं तरी लोकांच्या तोंडी आहेत. त्यांच्या मागे बसून टाळी देणाऱ्यांची नाहीत. तेव्हा इथे परत जाणाऱ्याला आधी शोधावं लागतं, मग विचारावं लागतं, आणि मग ऐकता येतं. या संग्रहातले दुसऱ्या दालनातले लेख लांब झाले आहेत ते या कारणानं. संपादकांनी ते कापले नाहीत याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

विठ्ठल उमपांचं उदाहरण घ्या. 'जांभूळ आख्यान' त्यांनी गाजवलं, भीमगीतं गायली, चित्रपटांत कामं केली. २६ नोव्हेंबर २०१० ला दीक्षाभूमीवरच्याच कार्यक्रमात ते मंचावर कोसळले आणि गेले. इतक्या मोठ्या कलावंताची सगळी ध्वनिमुद्रणं वर्षवार, साथीदारांच्या नावांसकट एका जागी मांडलेली मला कुठे पाहायला मिळालेली नाहीत. मग ज्यांनी आयुष्यभरात एकच कॅसेट काढली, त्यांचं काय होत असेल?

वेळही फार नाही. कॅसेटची फीत चार मिलिमीटरहूनही कमी रुंद. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर, आणि त्याच थरात आवाज. साठ मिनिटांच्या कॅसेटीत अशी सुमारे नव्वद मीटर फीत असते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या घरात तिचं कवच वाकतं, फीत दाबून धरणाऱ्या नमद्याचा गोंद सुटतो आणि आवाज दबतो. त्याच उन्हाळ्यात कूलरची दमट हवा त्याच खोलीत फिरते आणि फितीवर बुरशी धरते. नागपूरचं हवामान कॅसेटीला दोन्हीकडून मारतं. संगणकात उतरवून घेताना आधी डेकचं हेड स्पिरिटनं पुसायचं, फीत एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे हळू फिरवायची, आणि आवाज मंद किंवा धूसर वाटला तर हेडजवळचा बारीक स्क्रू केसभर फिरवून बघायचा. उंच स्वर अचानक स्वच्छ होतात. बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट चालवायचीच नाही, जाणकाराकडे द्यायची. चांगल्या डेकवर एकदाच, नीट, पूर्ण. गाण्यांचे तुकडे करायचे नाहीत. दोन गाण्यांमधली शांतता, बाजू संपतानाची खरखर, मधेच गायकानं म्हटलेला 'जयभीम', हे सारं त्या अल्बमचा भाग आहे.

यूट्यूबवर आज यातलं पुष्कळ सापडतं, हे खरं आणि चांगलंही. कुणा अनाम माणसानं आपल्या घरातली कॅसेट चढवली म्हणून कितीतरी आवाज वाचले आहेत. पण तिथे एकेक गाणं सुटं असतं, खाली लिहिलेलं वर्ष बहुतेकदा अंदाजाचं असतं, आणि कवीचं नाव पुष्कळदा चुकलेलं. वामनदादांची गाणी दुसऱ्यांच्या नावावर फिरताना मी पाहिली आहेत, आणि दुसऱ्यांची त्यांच्या नावावर. या पुस्तकाच्या लेखकांनी जमेल तिथे मूळ इनलेवरून नावं पडताळून घेतली आहेत. जिथे इनले मिळाली नाही तिथे त्यांनी नाव लिहिलेलं नाही, आणि ते योग्य केलं.

वाचकांना एक विनंती. लेख वाचण्याआधी तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका, मधे न थांबता. बर्डीवरून आलात तर सुरुवात प्रल्हाद शिंद्यांच्या लेखापासून करा. दीक्षाभूमीवरून आलात तर 'रेज अगेन्स्ट द मशीन'पासून. आणि घरात माळ्यावर, दिवाणाखाली, गावाकडच्या पेटीत जुन्या कॅसेटी असतील, तर त्या वाजवण्याआधी डबा उघडून इनलेचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. ढोलकवाल्याचं नाव कुठे छापलं असेल तर ते वहीत उतरवून घ्या. घरातल्या थोरांना विचारा ही कुठून घेतली, कुणी आणली, कुणाच्या लग्नात किंवा जयंतीला वाजली. दुसऱ्या आवृत्तीसाठी संपादकांना हेच हवं आहे.